सोसून घ्यावे की वाहावे?

गेल्या उपवासकाळात आमच्या हाती एक चार पानी पत्रक आले. आजारी, वृद्ध आणि दुःखी भाविकांनी रोज म्हणावयाच्या काही प्रार्थना व त्यांवर थोडेसे चिंतन असा त्याचा ऐवज होता. मूळ मजकूर इंग्रजी होता. मराठी कोणी केले हे छापलेले नव्हते. छापलेले असते तरी ते नाव आम्ही येथे सांगितले नसते. ज्या चुकीविषयी आम्हांला लिहावयाचे आहे ती एकट्यादुकट्याची नव्हे. ती आम्हीही अनेकदा केली आहे.

देवळ्यात आमची कुटुंबे मोजकीच. संध्याकाळी एका घरी जमून आम्ही ते पत्रक मोठ्याने वाचले. त्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होते : आपले दुःख सोसून घ्या. वाचन आटोपले, जपमाळ झाली, चहा आला. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एका भगिनीने, जिच्या घरची परिस्थिती आम्हां सर्वांना ठाऊक आहे, आपल्या अहिराणीत हळूच विचारले, "सासू हाईच सांगे, आते देवबी हाईच सांगस का?" कोणी काही बोलले नाही. आम्ही घरी येऊन मूळ इंग्रजी पत्रक मिळवले आणि ताडून पाहिले. देव ते सांगत नव्हता. इंग्रजीत शब्द होते 'ऑफर अप'.

इंग्रजी बोलणाऱ्या कॅथलिक घरांत हा शब्दप्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दाढ दुखो, पाऊस लागो, परीक्षेत अपयश येवो, घरातले वडीलधारे लेकराला म्हणत, 'ऑफर इट अप'. म्हणजे ही वेदना देवाच्या हाती दे, ख्रिस्ताच्या वेदनेत मिसळ, कोणाच्या तरी भल्यासाठी अर्पण कर. त्या दोन अक्षरी 'अप'मध्ये वर जाण्याची, वर उचलून धरण्याची क्रिया आहे. आमच्या अनुवादकाने दुःखाचे टोक मात्र आत वळवले. हे कसे घडले याचा आम्ही बरेच दिवस विचार करीत राहिलो, आणि त्या विचाराने आम्हांला आमच्याच भाषेच्या एका खुबीपाशी आणून सोडले.

इंग्रजीत साधे क्रियापद घ्यावे आणि त्याला 'अप', 'डाऊन', 'ऑफ', 'आउट' असे चिमुकले शेपूट लावावे, की अर्थ भलतीकडे जातो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. 'गिव्ह' म्हणजे देणे; 'गिव्ह अप' म्हणजे सोडणे; 'गिव्ह इन' म्हणजे नमते घेणे; 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणे. आमच्या पूर्वजांना यात नवल वाटले नसते. संस्कृतात हीच करामत उपसर्ग करतात, फक्त ते क्रियेच्या मागे नव्हे तर पुढे उभे राहतात. एकाच 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार निघतात. जेवण, भटकंती, घाव, नाश आणि निवारण. परंतु बोलीतल्या मराठीने हे उपसर्ग सोडून दिले. घडवलेले संस्कृत शब्द तिने तयार उचलले, पण नवीन घडवण्यासाठी तिने निराळाच मार्ग धरला. ती क्रियापदाला दुसरे क्रियापद जोडते.

उमराण्याच्या बाजारात कांदा विकून आलेल्या शेतकऱ्याला विचारा. तो म्हणेल, 'देऊन आलो'. म्हणजे काम झाले, मी परत आलो, बाकी काही सांगण्यासारखे नाही. तोच म्हणेल, 'देऊन टाकला'; म्हणजे भाव नव्हता, पण सडण्यापेक्षा बरा, एकदाची कटकट गेली. किंवा कपाळावर हात मारून म्हणेल, 'देऊन बसलो'. म्हणजे दुसऱ्या दिवशी भाव चढला आणि मी घाई केली. कांदा तोच, गोणी तीच, क्रिया तीच. पहिल्या क्रियापदाने काय घडले ते सांगितले. दुसऱ्याने त्या घडण्याशी माणसाचे नाते सांगितले. टाकणे म्हणजे सुटका, बसणे म्हणजे पश्चात्ताप, ठेवणे म्हणजे पुढची तजवीज. अहिराणीतही हेच चालते. 'सोडी दे' म्हणावे, 'मरी गया' म्हणावे. खेड्यातला माणूस व्याकरण न शिकता हे बिनचूक करतो आणि अनुवादकाच्या हातून मात्र ते निसटते, कारण त्याचे डोळे इंग्रजी शेपटावर खिळलेले असतात.

आता 'सोसून घेणे' पाहा. घेणे हे क्रियापद क्रियेचे फळ कर्त्याच्या पदरात टाकते. 'जेवून घे', 'वाचून घे', 'झोपून घे' : हे सगळे आपल्यासाठी. तेव्हा 'सोसून घे' म्हणजे दुःख आत घे, गिळ, पोटात ठेव. इंग्रजीत याला 'ऑफर अप' नव्हे, 'पुट अप विथ' म्हणतात. दोहोंतही 'अप' आहे. कदाचित तेथेच गोंधळ झाला असेल. पण एका प्रयोगात दुःखाला वाट आहे, दुसऱ्यात नाही. पहिला म्हणतो की हे दुःख तुझ्यापाशी साठू नये. दुसरा म्हणतो की ते साठवण्यातच तुझे पुण्य आहे. ज्या स्त्रीचा नवरा दारू पिऊन हात उगारतो तिला धर्माच्या नावाने दुसरे सांगणे म्हणजे काय, हे आम्ही विस्ताराने लिहिण्याची गरज नाही. मूळ पत्रकात तर, आम्ही नीट पाहिले, अन्यायाविषयी एक स्वतंत्र परिच्छेद होता आणि त्यात मदत मागण्यास सांगितले होते. तो मराठीत जागा पुरेना म्हणून गाळला गेला असावा.

मग 'ऑफर अप'ला मराठीत काय म्हणावे? 'अर्पण करणे' हा शब्द पुस्तकी असला तरी चुकीचा नाही. त्याच्या शेजारी आम्हांला एक जुना घरगुती शब्द अधिक जवळचा वाटला, तो म्हणजे 'वाहणे'. मराठी माणूस ओझे वाहतो आणि फूलही वाहतो. एका शब्दात पाठीवरचा भार आहे आणि ओंजळीतली भेटही आहे. क्रूस वाहणे म्हटले की ख्रिस्ताने तो खांद्यावर नेला हेही आले आणि पित्याला अर्पण केला हेही आले. इंग्रजीला यासाठी दोन निरनिराळी क्रियापदे लागतात. 'आपले दुःख प्रभूला वाहा' असे म्हटले तर ते दुःख वाहणाऱ्याचे ओझे आहे हे नाकारले जात नाही आणि ते वाहून कोठे न्यायचे हेही सांगितले जाते. मात्र येथेही दुसऱ्या क्रियापदाला जपावे लागेल. 'वाहून घे' म्हटले तर अर्थ सेवाव्रताकडे जातो, 'वाहून टाक' कानाला खटकते, आणि 'वाहून गेले' म्हणजे गिरणेच्या पुरात गेले!

उपवासकाळ आला की 'गिव्ह अप' हे क्रियापद सर्वांच्या तोंडी येते. या चाळीस दिवसांत तुम्ही काय 'गिव्ह अप' करणार? मराठीत आपण सरळ म्हणतो, मी चहा सोडला, मी मटण सोडले. येथपर्यंत ठीक. पण हेच 'सोडणे' अन्नाला लागले की बेत बदलतो. 'आजीने अन्न सोडले' हे वाक्य ऐकून कोणी उपवासाचे कौतुक करीत नाही. लोक धर्मगुरूंना बोलावणे धाडतात. 'अन्न टाकले' म्हणजे ताटात टाकले. आणि 'सोडून दिले' म्हटले तर कायमचेच दिले. त्यात ईस्टरला पुन्हा भेटण्याची आशा नाही. उलट याच 'सोडून देणे'चा एक अर्थ असा की जो इंग्रजी 'गिव्ह अप'मध्ये सापडत नाही : जाऊ दे, सोडून दे, म्हणजे क्षमा कर. सावकार व्याज सोडून देतो, आई मुलाचा अपराध सोडून देते. उपवासकाळात काय सोडून द्यावे असे कोणी मराठीत विचारले तर चहापेक्षा चांगले उत्तर भाषेनेच तयार ठेवले आहे.

सूचनापत्रकांतल्या लहानसहान गोष्टींवर फार वेळ घालवू नये. 'आपल्या उपस्थितीकडे आम्ही पुढे पाहत आहोत' असे वाचले की लिहिणाऱ्याच्या मनातले 'लुकिंग फॉरवर्ड' आपल्याला दिसते. 'वाट पाहत आहोत' हे तीन शब्द त्याच्या आजीच्या तोंडी होते. 'पास्ड अवे'साठी 'दूर निघून गेले' लिहिणारेही आम्ही पाहिले आहेत. मराठीत निघून जातो तो रुसलेला. मेलेला माणूस जातो, वारतो, देवाघरी जातो, आणि आमच्या घरांत ख्रिस्तवासी होतो.

मोठ्या माणसांच्या हातून काय घडले तेही पाहिले पाहिजे, आणि यासाठी नाशिकपेक्षा दूर जावे लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. पंथाने त्या आमच्या नव्हेत, परंतु मराठी ख्रिस्ती माणसाने आपल्या घरातले बोलणे कसे लिहावे याचा धडा सर्व पंथांनी त्यांच्याकडूनच घेतला आहे. या ग्रंथाचा ई. जोसेफीन इंकस्टर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने 1950 साली प्रसिद्ध केला. त्याचे नाव 'स्मृतिचित्रे' नाही. नाव आहे 'आय फॉलो आफ्टर'.

या नावावर आम्ही बरेच थांबलो. वरवर पाहता त्याचा अर्थ 'मी मागून येते'. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधली पाच वर्षे म्हणजे विरह, कुचेष्टा, सोवळेओवळे आणि स्वतःच्या मनाशी चाललेला झगडा. तेव्हा नवऱ्यामागून पाच वर्षांनी आलेली बायको असे त्या नावाचे चित्र इंग्रजी वाचकासमोर उभे राहते, आणि ज्याने मूळ पुस्तक वाचले आहे तो मनात म्हणतो की ही बाई कोणाच्या मागून चालणारी नव्हती. ती वाद घालीत, हसत, रडत, स्वतःच्या पायांनी तेथे पोहोचली.

परंतु हेच शब्द 1611 सालच्या इंग्रजी बायबलात संत पौलाच्या तोंडी आहेत. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आपण अजून पूर्णत्वास पोहोचलो नाही असे सांगून तो आपल्या धावण्याविषयी बोलतो. अनुवादिकेच्या मनात ते स्थळ असणार, असे आम्हांला वाटते. तेथे ग्रीक क्रियापद आहे 'दिओको', आणि त्याचा अर्थ नुसते मागून जाणे नव्हे, पाठलाग करणे. गंमत अशी की त्याच अध्यायात थोडे आधी, आपण पूर्वी ख्रिस्तसभेचा छळ करीत होतो हे सांगताना, पौलाने हेच क्रियापद वापरले आहे. ज्या आवेशाने तो ख्रिस्ताच्या माणसांच्या पाठीस लागला होता त्याच आवेशाने आता ख्रिस्ताच्या पाठीस लागला आहे. इंग्रजीला हे जमले नाही. तिने एका ठिकाणी छळ म्हटले आणि दुसऱ्या ठिकाणी 'फॉलो आफ्टर' म्हटले, आणि दोहोंमधला धागा तुटला.

मराठीत तो धागा तुटण्याचे कारण नाही. आपल्याकडे 'मागे लागणे' आहे. शिपाई चोराच्या मागे लागतात, मूल आईच्या मागे लागते, आणि एखादा माणूस ध्यास घेऊन एखाद्या गोष्टीच्या मागे लागतो. 'मागे जाणे' आणि 'मागे लागणे' यांत जे अंतर आहे तेच लक्ष्मीबाई आणि त्या इंग्रजी नावाचा वरवरचा अर्थ यांच्यात आहे. 'मी मागे लागले' असे जर कोणी त्या नावाचे उलट मराठी केले तर ते पौलालाही शोभेल आणि बाईंनाही. शांता गोखले यांनी 2017 साली या ग्रंथाचा नवा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला तेव्हा 'स्मृतिचित्रे' हे मूळ नावच ठेवले. तो निर्णय शहाणपणाचा होता. तरीही जुने नाव आम्हांला टाकवत नाही. त्याच्या पोटात पौल आहे.

येथे फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते. जन्माने ते इंग्रज. 1579 साली ते गोव्यास आले आणि त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली राशोल येथे छापले गेले. त्यांच्या ओवीत इंग्रजीची शेपटे शोधून सापडत नाहीत, कारण त्यांनी भाषांतर केलेच नाही. येथल्या भाषेत बसून नव्याने रचले. आम्हां साध्या अनुवादकांना ती मोकळीक नसते. आमच्यापुढे ठरलेला मजकूर असतो.

आणि सर्वांत कठीण मजकूर तो, जो आपण दर रविवारी ऐकतो. मिस्सेत भाकरीवर जे शब्द उच्चारले जातात त्यांच्या इंग्रजी पाठात ख्रिस्ताचे शरीर आमच्यासाठी 'गिव्हन अप' होईल असे आहे. लॅटिनमध्ये तेथे 'त्रादेतूर' हे क्रियापद आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आलेल्या मिस्सापुस्तकात हा भाग त्या शब्दांना जोडला गेला. लॅटिन क्रियापद 'त्रादेरे' फोडले तर 'पलीकडे' आणि 'देणे' असे दोन तुकडे निघतात. त्यामागचा ग्रीक शब्द 'पारादिदोमी'. त्यातल्या 'दिदोमी'चा आणि आपल्या 'दा' धातूचा वंश एकच. म्हणजे हे देणे आपल्या देण्याचेच चुलत भावंड.

या एका ग्रीक शब्दाचा नव्या करारातला प्रवास थक्क करणारा आहे. यहूदा येशूला शत्रूंच्या हाती देतो, तेथे हा शब्द. मुख्य याजक त्याला पिलाताच्या हाती देतात, पिलात त्याला क्रूसावर खिळण्यासाठी देतो, तेथेही हाच. संत योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपला आत्मा देतो, तेथे हाच. रोमकरांस लिहिताना पौल म्हणतो की पित्याने आपल्या पुत्राला आम्हां सर्वांसाठी दिले, तेथे हाच. आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, प्रभुभोजनाची हकीकत सांगताना, एकाच वाक्यात तो दोनदा येतो : पौलाने जी परंपरा त्यांना दिली आणि ज्या रात्री प्रभूला दिले गेले. विश्वासघात आणि परंपरा, खून आणि आत्मार्पण एकाच क्रियापदात राहतात. इंग्रजी त्यांची फाटाफूट करते. यहूदाला 'हँड ओव्हर' किंवा निव्वळ विश्वासघात, पौलाला 'हँड ऑन', क्रूसावर 'गिव्ह अप'.

मराठीत काय करावे? आम्ही एके दिवशी वहीत सर्व स्थळे मांडून पाहिली. 'स्वाधीन करणे' हे बहुतेक ठिकाणी बसते. यहूदा स्वाधीन करतो, पिलात स्वाधीन करतो, येशूही आपला आत्मा पित्याच्या स्वाधीन करतो. पण त्याला कचेरीचा वास येतो. पोलीस ठाण्यात आरोपी स्वाधीन करतात, आणि परंपरा कोणी कोणाच्या स्वाधीन केली असे म्हटले तर पावती मागावीशी वाटते. 'अर्पण करणे' हे क्रूसाला योग्य, पण ते इतके पवित्र की त्यातून यहूदा हद्दपार होतो. आणि यहूदा हद्दपार झाला की त्या रात्रीचा अर्धा अर्थ गेला. शेवटी आमच्या ध्यानात आले की मराठीला एक शब्द सापडत नसला तरी एक शेपूट सापडते. यहूदाने धरून दिले. पिलाताने सोपवून दिले. पौलाने जे मिळाले ते पुढे दिले. येशूने स्वतःला देऊन टाकले, असे मात्र म्हणवत नाही. 'टाकणे' तेथे शोभत नाही, कांद्याच्या भावाची आठवण होते. 'स्वतःला दिले' एवढेच पुरे. सर्व ठिकाणी शेवटी 'देणे' येते, आणि कान सावध असेल तर ते ऐकू येते. अनुवादकाने निदान एवढे करावे : या स्थळी 'देणे' गाळून भारदस्त शब्द घालण्याचा मोह आवरावा.

असे म्हटले की विद्वान मंडळी आम्हांला रोमचे दस्तऐवज दाखवतात. 1969 सालच्या सूचनेने अर्थाला प्राधान्य दिले, 2001 सालच्या 'लितुर्जियाम ऑथेंतिकाम'ने शब्दाशी अधिक इमान मागितले, आणि 2017 साली पोप फ्रान्सिस यांनी अनुवादाची अधिक जबाबदारी स्थानिक बिशपमंडळांकडे दिली. आमचा अनुभव असा की शब्दाला धरावे की अर्थाला, या वादात आमच्या प्रश्नाचे उत्तर नाही. 'सोसून घ्या' लिहिणाऱ्याने शब्दही धरला नाही आणि अर्थही धरला नाही. त्याने आपल्या आजूबाजूला बायकांना नेहमी जे सांगितले जाते ते कानात असल्याप्रमाणे लिहिले. भाषेतला सर्वांत गुळगुळीत झालेला शब्द हाताला आधी लागतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही पत्रकाच्या आपल्या प्रतींवर शाईने तो शब्द खोडला आणि वर 'प्रभूला वाहा' असे लिहिले. गाळलेला परिच्छेद मराठीत करून एका कागदावर जोडला. त्या संध्याकाळी तो मोठ्याने वाचला तेव्हा त्या भगिनी पुढे सरकून बसल्या आणि त्यांनी तो कागद मागून घेतला. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना मात्र 'वाहा' पसंत पडले नाही. त्यांचे म्हणणे, फुले वाहतात, दुःख कसे वाहणार. आणि शेजारच्या देवळात तोच शब्द ऐकू येतो. आम्ही त्यांना क्रूस वाहण्याचा दाखला दिला. ते म्हणाले, विचार करून सांगतो. अजून त्यांनी सांगितलेले नाही, आणि त्यांच्या प्रतीवर जुनाच शब्द आहे.